पायथनमध्ये लिस्ट बनवताना आधी विचारा: आतल्या वस्तू येणार कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजात सरांनी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत रिकामी लिस्ट (वस्तूंची क्रमाने ठेवलेली यादी) घेऊन लूपमध्ये अपेंड करायला, म्हणजे एकेक वस्तू शेवटी जोडायला, शिकवलं. व्हिडिओत कुणीतरी तेच काम चौकोनी कंसात फॉर घालून एका ओळीत केलं. मैत्रिणीने लिस्ट हा शब्द लिहून गोल कंस दिला. तिघांचंही उत्तर सारखंच आलं. मग यातली खरी पद्धत कोणती, परीक्षेत कोणती लिहायची आणि मडगावच्या मासळी बाजारातले रोजचे दर नोंदवायचा जो छोटा प्रोजेक्ट तुम्ही घेतलाय, त्यात कोणती वापरायची?

मी फोंड्यात बरीच वर्षं मुलांना पायथन शिकवतोय आणि पोटापाण्यासाठी कोडही लिहितो. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये येतो. पद्धती पाठ करून तो सुटत नाही. दहा पद्धती पाठ असलेली मुलंही प्रोजेक्टला बसली की अडकतात, कारण कोणती केव्हा काढायची हे ठरवायला त्यांच्याकडे आधार नसतो. मी त्यांना दोन गोष्टी विचारायला लावतो. लिस्टमधल्या वस्तू मला आत्ताच माहीत आहेत, दुसरीकडून येणार आहेत, की मला एकेक करून बनवायच्या आहेत? आणि माझ्या हातात आलेली लिस्ट खरोखर नवी आहे, की जुन्याच लिस्टला दुसरं नाव मिळालंय? पहिल्या प्रश्नातून पद्धत ठरते. दुसरा प्रश्न विचारलात तर रात्र-रात्र चूक शोधत बसावं लागत नाही.

कोडबद्दल एक खुलासा करतो. मी देवनागरीत लिहितोय, म्हणून पायथनचे स्वतःचे शब्द, म्हणजे लिस्ट, रेंज, फॉर, इन, इफ वगैरे, उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांतच हवेत, आणि कोडमधले आकडेही इंग्रजीच हवेत. व्हेरिएबलची नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी चालतात. पायथन ३ मध्ये, म्हणजे २००८ पासून, ही सोय आहे. खालची ओळ आहे तशी चिकटवून चालवून बघा:

```
मासे = ["बांगडा", "तारले", "इसवण", "सुंगटं"]
```

ही झाली पहिली परिस्थिती: वस्तू तुम्हाला आधीच माहीत आहेत. गोव्यातले तालुके, आठवड्याचे वार, तुमच्या प्रोजेक्टमधल्या माशांची नावं, असं काही असेल तर चौकोनी कंस उघडायचा, कॉमा देत वस्तू लिहायच्या आणि कंस बंद करायचा. इथे लूप, अपेंड, काहीही लागत नाही. लिहिलेला क्रम तसाच राहतो आणि एकच नाव दोनदा लिहिलं तर दोनदा राहतं. एका लिस्टमध्ये आकडा, नाव, दुसरी लिस्ट असं काहीही एकत्र ठेवता येतं, पण नवशिक्यांनी एका लिस्टमध्ये एकाच जातीच्या वस्तू ठेवाव्यात असं माझं मत आहे. पुढे लूप फिरवताना प्रत्येक वस्तूशी सारखं वागता येतं.

इतक्या सोप्या गोष्टीतही एक खड्डा आहे. हे बघा:

```
तालुके = [
    "पेडणे",
    "बार्देश",
    "डिचोली"
    "सत्तरी",
    "तिसवाडी",
]
```

यात पाच नावं दिसतात, पण लांबी मोजली तर चार येते. डिचोलीच्या पुढे कॉमा राहिलाय. दोन स्ट्रिंग, म्हणजे अवतरणचिन्हांतले मजकूर, शेजारी आल्या आणि मध्ये काही नसलं, तर पायथन त्या मुकाट्याने जोडून टाकतो. त्यामुळे इथे "डिचोलीसत्तरी" नावाचा एक नवाच तालुका तयार होतो. एरर येत नाही, म्हणून ही चूक फार उशिरा सापडते. उपाय म्हणजे प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीवर लिहायची आणि शेवटच्या वस्तूनंतरही कॉमा द्यायचा. तो जास्तीचा कॉमा पायथनला चालतो, आणि उद्या खाली फोंडा, मुरगाव, सासष्टी वाढवताना आधीच्या ओळीला हात लावावा लागत नाही. बारा तालुके लिहून झाले की लांबी छापून एकदा बाराच आहेत ना हे पाहून घ्या.

आता तुमच्या मैत्रिणीची पद्धत. लिस्ट() ही दुसऱ्या परिस्थितीसाठी आहे: वस्तू आधीच दुसऱ्या कशात तरी आहेत आणि तुम्हाला त्यांची लिस्ट हवी आहे. ती गोल कंसात एकच गोष्ट घेते आणि ती गोष्ट अशी हवी की जिच्यातून एकेक वस्तू बाहेर काढता येते. म्हणून लिस्ट(५) लिहिलं की पाच जागांची लिस्ट मिळत नाही, टाइपएरर मिळतो. पाच हा एकच आकडा आहे, त्यातून एकेक करून काढण्यासारखं काही नाही. लिस्ट("बांगडा", "तारले") यालाही एरर येतो, कारण दोन गोष्टी दिल्या.

सगळ्यात जास्त गोंधळ स्ट्रिंगने होतो. मराठी मुलांना तर तो खास त्रास देतो, कारण इंग्रजी उदाहरणं असलेल्या पुस्तकांत तो दिसतच नाही:

```
लिस्ट("पणजी")
```

उत्तर येतं ['प', 'ण', 'ज', 'ी']. आपण वाचताना तीन अक्षरं वाचतो, पायथन चार वस्तू देतो. शेवटची वेलांटी सुटी पडते. कारण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, व्यंजनाला एक क्रमांक असतो आणि मात्रेला वेगळा, आणि पायथन तेच क्रमांक मोजतो. "म्हापसा" दिलात तर सात वस्तू मिळतील, त्यात म नंतरचा हलन्तही वेगळा निघेल. यात पायथनचं काही चुकत नाही. पण मराठी नावांची अक्षरं मोजायचा किंवा शब्द उलटा करायचा कार्यक्रम (प्रोग्राम) लिहीत असाल तर हे आधी माहीत हवं, नाहीतर वेलांटी भलत्याच व्यंजनाला जाऊन चिकटते. पूर्ण शब्द एक वस्तू म्हणून हवा असेल तर ["पणजी"] असा साधा चौकोनी कंस लिहा.

डिक्शनरी म्हणजे किल्ली आणि तिची व्हॅल्यू अशा जोड्या. ती दिली तर लिस्ट() फक्त तिच्या किल्ल्या देते. समजा, दर नावाच्या डिक्शनरीत माशाचं नाव ही किल्ली आणि भाव ही व्हॅल्यू आहे. लिस्ट(दर) केल्यावर माशांची नावं मिळतील. भाव हवे असतील तर लिस्ट(दर.व्हॅल्यूज()). सेट (एकच वस्तू दोनदा न ठेवणारा संच) दिला तर लिस्ट मिळते, पण क्रमाची हमी नसते. सेटमध्ये स्ट्रिंग असतील तर तोच कार्यक्रम दोनदा चालवल्यावर क्रम वेगळा येऊ शकतो. "सर, काल वेगळं आलं होतं" असं मुलं सांगतात तेव्हा बहुतेक वेळा मागे सेट असतो. क्रम हवा असेल तर लिस्ट() ऐवजी सॉर्टेड() वापरा. तेही नवी लिस्टच देतं, फक्त लावून देतं.

रेंजबद्दल थोडक्यात. रेंज(१, ११) हे एक ते दहा आकडे देतं, अकरा धरत नाही. पायथन ३ मध्ये रेंज स्वतः लिस्ट नाही. आकडे आधी साठवून ठेवण्याऐवजी ते मागाल तसे देतं. छापून बघायचं असेल किंवा त्यात बदल करायचा असेल तरच लिस्ट(रेंज(१, ११)) करा. नुसता लूप फिरवायचा असेल तर रेंज तसंच वापरा, लिस्ट बनवायची गरज नाही. मॅप (प्रत्येक वस्तूवर एकच क्रिया करणारं) आणि फिल्टर (वस्तू गाळणारं) यांचंही असंच आहे, फक्त त्यांच्यात एक जास्तीची गोष्ट लक्षात ठेवा: ते एकदाच वापरता येतात. मॅपमधून एकदा लिस्ट काढलीत आणि त्याच मॅपमधून पुन्हा काढायला गेलात तर रिकामी लिस्ट हाती येते.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त लागणार आहे ते मात्र स्प्लिट, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवतो. बाजारातून घरी आल्यावर तुम्ही एका ओळीत लिहिणार: बांगडा, तारले, इसवण. कार्यक्रमाला ही एक लांबलचक स्ट्रिंग दिसते. ती तोडायची:

```
ओळ = "बांगडा, तारले, इसवण"
मासे = ओळ.स्प्लिट(",")
```

लिस्ट मिळेल, पण "तारले" आणि "इसवण" यांच्या आधी एकेक मोकळी जागा असेल, कारण तुम्ही कॉमानंतर जागा सोडली होती. डोळ्यांना ती दिसत नाही, आणि पुढे "तारले" शोधायला गेलात की सापडत नाही. म्हणून तोडताना प्रत्येक तुकडा साफ करून घ्या:

```
मासे = [म.स्ट्रिप() फॉर म इन ओळ.स्प्लिट(",")]
```

ही तुम्ही व्हिडिओत पाहिलेली एका ओळीची पद्धत. तिच्याकडे आत्ता येतो. त्याआधी स्प्लिटचं आणखी एक वागणं: कंसात काही न देता स्प्लिट() लिहिलं तर ते मोकळ्या जागांवर तोडतं, लागोपाठ चार जागा आल्या तरी एकच धरतं, आणि रिकाम्या ओळीला रिकामी लिस्ट देतं. कॉमा देऊन तोडलं तर रिकाम्या ओळीलाही एक वस्तू असलेली लिस्ट मिळते आणि ती वस्तू म्हणजे रिकामी स्ट्रिंग. एखाद्या दिवशी बाजार बंद होता म्हणून ओळ रिकामी सोडलीत, आणि तरीही मोजणीत एक मासा दिसला, तर कारण हे असेल.

कीबोर्डवरून आकडे घ्यायचे असतील तर लक्षात ठेवा, इनपुट() नेहमी स्ट्रिंग देतं. ३०० टाइप केलं तरी ती पायथनसाठी तीन चिन्हांची स्ट्रिंगच असते. आकड्यांची लिस्ट हवी असेल तर तोडून प्रत्येक तुकड्याचा इंट, म्हणजे पूर्णांक, करायचा:

```
भाव = [इंट(श) फॉर श इन इनपुट().स्प्लिट()]
```

यातली मला मनापासून आवडणारी गोष्ट अशी की, इंटला देवनागरी आकडेही कळतात. कुणी फोनच्या मराठी कीबोर्डवरून ३०० ४५० असं लिहिलं तरी इंट ते नीट वाचतं. कोडमध्ये देवनागरी आकडा थेट लिहिता येत नाही, पण स्ट्रिंगमधला आकडा वाचता येतो. म्हणजे तुमच्या आईला किंवा मासे विकणाऱ्या बाईला वापरायला द्यायचा कार्यक्रम लिहिलात, तर त्यांनी आकडे इंग्रजीतच टाकावेत असा आग्रह धरायचं कारण नाही.

तिसरी परिस्थिती: वस्तू तुम्हाला बनवायच्या आहेत. इथे सरांची अपेंडची पद्धत आणि व्हिडिओतली एका ओळीची पद्धत समोरासमोर येतात. समजा, तुमच्याकडे किलोचे भाव आहेत आणि अर्ध्या किलोचे हवेत. सरांच्या पद्धतीने:

```
अर्धे = []
फॉर भ इन भाव:
    अर्धे.अपेंड(भ / २)
```

आणि एका ओळीत, जिला लिस्ट कॉम्प्रिहेन्शन म्हणतात:

```
अर्धे = [भ / २ फॉर भ इन भाव]
```

दोन्ही बरोबर आहेत. कॉम्प्रिहेन्शन काही नवी फॅशन नव्हे, २००० साली आलेल्या पायथन २.० पासून भाषेत आहे. पण नवशिक्यांनी आधी अपेंडवर हात बसवावा असंच माझं मत आहे, आणि तुमच्या सरांनी तेच केलं हे मला पटतं. लूपमध्ये प्रत्येक पायरी दिसते. मध्ये एक प्रिंट घालून लिस्ट कशी वाढत जाते ते बघता येतं. एकदा ते चित्र डोक्यात पक्कं झालं की कॉम्प्रिहेन्शन वाचणं सोपं जातं. उलट्या क्रमाने शिकलेली मुलं ओळ पाठ करतात आणि थोडा बदल सांगितला की थांबतात.

कॉम्प्रिहेन्शन वाचायची युक्ती अशी: मधून सुरुवात करा. आधी फॉर पासूनचा भाग वाचा, भावांमधला प्रत्येक भ घे. मग पुढे इफ असेल तर तो वाचा. सगळ्यात शेवटी कंसाच्या सुरुवातीला या, त्या भ चं काय करायचं ते तिथे लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ, तीनशेच्या आतले भाव:

```
स्वस्त = [भ फॉर भ इन भाव इफ भ < ३००]
```

इथला शेवटचा इफ चाळणीचं काम करतो, काही वस्तू गळतात आणि लिस्ट लहान होते. काही वेळा मुलांना एकही वस्तू गाळायची नसते, प्रत्येकीवर "स्वस्त" किंवा "महाग" असा शिक्का मारायचा असतो. तेव्हा इफ आणि एल्स दोन्ही पुढे, फॉरच्या आधी येतात:

```
शिक्के = ["स्वस्त" इफ भ < ३०० एल्स "महाग" फॉर भ इन भाव]
```

गाळायचं असेल तर इफ मागे, निवडायचं असेल तर इफ-एल्स पुढे. हा एक फरक कळला की कॉम्प्रिहेन्शनमधल्या बऱ्याचशा एरर जातात.

कोणती कधी? माझा नियम असा की, एका वस्तूवर एक सरळ क्रिया आणि फार तर एक अट असेल तर कॉम्प्रिहेन्शन. लूपमध्ये दोन-तीन पायऱ्या असतील, चुकीचा आकडा आला तर सावरायचं असेल, मध्येच थांबायचं असेल किंवा प्रत्येक वेळी काही छापायचं असेल, तर अपेंड. तुमच्या प्रोजेक्टमध्ये एखाद्याने "३००रु" असं चिकटवून लिहिलं तर इंटला व्हॅल्यूएरर येईल. तो पकडून "पुन्हा लिहा" असं सांगायचं असेल तर लूप आणि अपेंडच हवं. ते एका ओळीत कोंबायचा प्रयत्न करू नका. वाचणाऱ्याला दोनदा वाचावी लागणारी एक ओळ आणि एकदा वाचून कळणाऱ्या चार ओळी, यात मी कायम चार ओळी निवडतो.

अपेंडची एक सवय मात्र लागू देऊ नका:

```
मासे = मासे.अपेंड("मोरी")
```

अपेंड त्याच लिस्टमध्ये वस्तू घालतं आणि परत काहीच देत नाही, म्हणजे नन (पायथनमधलं "काहीच नाही") देतं. ही ओळ चालली की मासे या नावाखाली नन उरतं आणि अख्खी लिस्ट हातची जाते. नुसतं मासे.अपेंड("मोरी") पुरे. सॉर्टचंही तसंच: मासे.सॉर्ट() तीच लिस्ट क्रमाने लावतं आणि नन देतं, सॉर्टेड(मासे) मात्र नवी लिस्ट देतं.

अपेंड एकच वस्तू घालतं. दुसरी अख्खी लिस्ट अपेंड केलीत तर ती लिस्टच्या पोटात लिस्ट म्हणून बसते. तिच्या वस्तू सुट्या करून घालायच्या असतील तर एक्स्टेंड. दोन लिस्ट जोडून तिसरी नवी हवी असेल तर मध्ये अधिकचं चिन्ह, किंवा पायथन ३.५ पासून चालणारी [*सकाळचे, *संध्याकाळचे] ही रचना. एक्स्टेंडला चुकून नुसती स्ट्रिंग दिलीत तर पुन्हा पणजीचं झालं तेच, अक्षरं आणि मात्रा सुट्या होऊन आत पडतील.

आता चौथी परिस्थिती, जी तुम्ही विचारली नाहीत पण प्रोजेक्टमध्ये येणारच आहे: जागा किती लागणार ते माहीत आहे, वस्तू नंतर भरायच्या आहेत. वर्षाच्या बारा महिन्यांची ट्रॉलरची आवक नोंदवायची आहे असं धरा:

```
आवक = [०] * १२
```

बारा शून्यांची लिस्ट तयार. गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ट्रॉलरना मासेमारीची बंदी असते. मोजणी शून्यापासून होते, म्हणून जून म्हणजे आवक[५] आणि जुलै म्हणजे आवक[६]. या दोन जागांवरचं शून्य खरं शून्य आहे. पण भावांचं तसं नाही. एखाद्या दिवशी इसवण बाजारात आलीच नाही तर तिचा भाव शून्य नव्हता, भाव नव्हताच. तिथे शून्य ठेवलंत तर आठवड्याची सरासरी खाली येते आणि इसवण स्वस्त झाली असं कार्यक्रम सांगतो. अशा जागी [नन] * ७ घ्या आणि सरासरी काढताना नन गाळा:

```
खरे_भाव = [भ फॉर भ इन भाव इफ भ इज नॉट नन]
```

गुणाकाराची ही पद्धत एका ओळीपुरती सुरक्षित आहे. तक्ता करायला गेलात की ती दगा देते. तीन मासे, सात दिवस असा तक्ता हवा म्हणून बहुतेक जण हे लिहितात:

```
तक्ता = [[०] * ७] * ३
तक्ता[०][०] = ३००
```

बांगड्याच्या सोमवारी ३०० भरायचा होता. छापून बघा, तारले आणि इसवण यांच्याही सोमवारी ३०० दिसेल. कारण आतली सात शून्यांची लिस्ट एकदाच तयार झाली, आणि बाहेरच्या गुणाकाराने तिचाच पत्ता तीन वेळा लिहिला. तक्त्यात तीन ओळी दिसतात, पण त्या तिन्ही म्हणजे एकच लिस्ट आहे. खात्री हवी असेल तर तक्ता[०] इज तक्ता[१] असं विचारा, उत्तर ट्रू येईल. आतले सात शून्य मात्र त्रास देत नाहीत, कारण आकडा जागेवर बदलता येत नाही. नवा आकडा ठेवला की त्या जागेचा पत्ता बदलतो, बाकीच्या सहा जागा तशाच राहतात. योग्य रचना ही:

```
तक्ता = [[०] * ७ फॉर _ इन रेंज(३)]
```

इथे लूपच्या प्रत्येक फेरीत सात शून्यांची नवी लिस्ट तयार होते, म्हणून तीन ओळी खरोखर तीन राहतात. फेरीच्या आकड्याचं काही काम नाही हे दाखवायला अंडरस्कोर लिहायची पद्धत आहे.

यातूनच माझा दुसरा प्रश्न येतो, नवी लिस्ट की जुनीच? हे बघा:

```
आजचे = ["बांगडा", "तारले"]
उद्याचे = आजचे
उद्याचे.अपेंड("इसवण")
```

आता आजचे छापा. इसवण त्यातही आहे. बरोबरच्या चिन्हाने लिस्टची नक्कल होत नाही, त्याच लिस्टला दुसरं नाव मिळतं. एकाच मुलाला घरी बाबू म्हणतात आणि शाळेत हजेरीला दुसऱ्या नावाने बोलावतात, तसं हे. बाबूचे केस कापले की हजेरीतल्या मुलाचेही कापलेले असतात. स्वतंत्र प्रत हवी असेल तर तसं सांगावं लागतं: आजचे.कॉपी(), किंवा आजचे[:], किंवा लिस्ट(आजचे). तिघांचं काम एकच. मी कॉपी लिहितो, कारण वाचणाऱ्याला हेतू लगेच कळतो.

ही प्रत वरवरची असते, एवढं लक्षात असू द्या. बाहेरची लिस्ट नवी होते, पण आत लिस्ट असतील तर त्या जुन्याच राहतात. तुमच्या तीन बाय सात तक्त्याची प्रत कॉपीने घेतलीत आणि आतला एक भाव बदललात, तर मूळ तक्त्यातही तो बदलेल. तक्त्यासाठी कॉपी या मॉड्यूलमधलं डीपकॉपी वापरा, किंवा [ओळ.कॉपी() फॉर ओळ इन तक्ता] असं लिहा. पुढे फंक्शन शिकाल तेव्हा हेच भूत आणखी एका ठिकाणी दिसेल: फंक्शनच्या व्याख्येत यादी=[] असं लिहिलं तर ती रिकामी लिस्ट एकदाच तयार होते आणि फंक्शन पुन्हा बोलावलं की मागच्या वेळच्या वस्तू तिच्यात असतात. तिथे नन लिहायचं आणि फंक्शनच्या आत नवी लिस्ट घ्यायची.

वेगाबद्दल विचारलं नाहीत हे बरं केलंत, तरी व्हिडिओत ऐकाल म्हणून सांगतो. रिकामी लिस्ट [] ने केली तर ती लिस्ट() पेक्षा किंचित लवकर होते, आणि कॉम्प्रिहेन्शन बहुधा अपेंडपेक्षा थोडं लवकर चालतं. बाजाराच्या दरांइतक्या माहितीत हा फरक जाणवणारही नाही. शेवटी अपेंड करणं स्वस्त असतं, कारण पायथन थोड्या जागा आधीच राखून ठेवतो. इन्सर्ट(०, ...) करून प्रत्येक वस्तू सुरुवातीला घातली तर दर वेळी बाकीच्या सगळ्या वस्तू एकेक घर पुढे सरकवाव्या लागतात. हजारो नोंदी झाल्या की तो फरक मात्र दिसतो.

आणखी एक सावधगिरी, नाव ठेवण्याची. व्हेरिएबलला इंग्रजीत लिस्ट हेच नाव देऊ नका. दिलंत की पायथनचं लिस्ट() त्या नावाखाली झाकलं जातं आणि दहा ओळी खाली "लिस्ट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल" असा एरर येतो. मुलं एररच्या ओळीकडे बघत बसतात आणि चूक वरच्या ओळीत असते. मासे, भाव, तालुके अशी नावं ठेवलीत तर हा प्रश्नच येत नाही.

परीक्षेचं उत्तर पेपर काढणाऱ्यावर अवलंबून आहे. प्रश्नात "लूप वापरून" असं लिहिलं असेल तर रिकामी लिस्ट आणि अपेंड, पायऱ्या दिसतात आणि अर्धवट बरोबर असलं तरी गुण मिळण्याची शक्यता असते. "कॉम्प्रिहेन्शन वापरून" असं असेल तर तेच. काहीच लिहिलं नसेल तर तुम्हाला कागदावर न चालवता जे खात्रीने बरोबर लिहिता येतं ते लिहा. वर्गात अजून शिकवलेली नसलेली पद्धत लिहिण्यापूर्वी सरांना एकदा विचारा. काही शिक्षक खूश होतात, काहींना शिकवलेलंच हवं असतं.

प्रोजेक्टसाठी मात्र मी असं करेन. माशांची नावं ठरलेली आहेत, ती वर चौकोनी कंसात, एका ओळीवर एक, शेवटी कॉमा देऊन. रोजचे भाव कीबोर्डवरून येणार आणि त्यात चुका असणार, तिथे लूप, एरर पकडणं आणि अपेंड. आठवड्याचा तक्ता नन भरून, आतली ओळ प्रत्येक वेळी नवी होईल अशा रचनेने. स्वस्त-महाग वेगळं काढायला कॉम्प्रिहेन्शन. मागच्या आठवड्याचा तक्ता जपून ठेवायचा असेल तर डीपकॉपी. आधी तीन मासे आणि दोन दिवस एवढ्यावरच चालवून बघा, प्रत्येक पायरीनंतर लिस्ट आणि तिची लांबी छापा. त्यात कुठे अडलात तर कोडच्या त्या चार-पाच ओळी आणि आलेला एरर जसाच्या तसा लिहून पाठवा, मी बघतो.